थंडीतली गळती

तुर्कू, १० नोव्हेंबर १९८६, सोमवार

म्हातारी गळली.

गेला आठवडा तिला गार करण्यात गेला. आज दुपारी आत हेलियम सोडलं आणि गळती दाखवणारा काटा, खालून कुणी टोचल्यासारखा, ताडकन उठला. सगळं बंद. आता तिला परत खोलीच्या तापमानाला आणा, उघडा, आणि श्रीगणेशापासून सुरू करा. म्हातारी हे नाव इल्पोनं विद्यार्थी असताना ठेवलं. माणसापेक्षा उंच पोलादी पिंप, आत पिंपात पिंप, आणि सगळ्यांत आत मुठीएवढी तांब्याची डबी. त्या डबीत आम्ही जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत जातो, त्याहून गार काहीच नसतं. आता डीनसुद्धा तिला म्हातारीच म्हणतात.

ही गळती महालबाड असते. गरम असताना सांधा घट्ट. कितीही तपासा, काही सापडत नाही. गार झालं, धातू आकसले, की केसाहून बारीक फट उघडते. म्हणजे आपला हात पोचत नाही तेव्हाच ती असते.

दोष इंडियमचा आहे. डबी आणि झाकण यांच्यामध्ये या धातूच्या तारेचं कडं बसवतात. ते लोण्यासारखं पसरायला हवं. ही तार कडक आहे. इल्पोला म्हटलं, "पुरवठादाराला फोन कर. मागच्यासारखी तार पाठव म्हणावं."

"साइमी, तार मागचीच आहे. डबाही तोच."

"मग डब्यात राहून काहीतरी झालंय तिला."

त्यानं डबा फळीवर ठेवून दिला. इल्पो सार्वेला माझ्याच हाताखाली डॉक्टर झाला, आता डोसेंट आहे, म्हणजे प्राध्यापकाच्या एक पायरी खाली, कानामागचे केस पिकायला लागलेत. पण पटलं नाही की गप्प बसायची ही नवी सवय त्याला कुठून लागली कोण जाणे. पूर्वी तावातावानं भांडायचा.

घरी आले. हेरिंग तव्यावर टाकले आणि शेजारीच टेबलाशी बसून झाकणाचं चित्र काढत होते. नवरा, ताइस्तो, बाहेरून ओरडत आला, "अगं, घर पेटवतेस का? वास येत नाही तुला?" मासे कोळसा झाले होते. डोक्यात गळती असली की नाकाकडे कुणाचं लक्ष असणार!

१९ नोव्हेंबर

गुनवोरशी वाजलं. ती आमची कचेरी सांभाळते, म्हणजे खरं तर आम्हालाच सांभाळते. बेटांवरची स्वीडिश बोलणारी बाई. फिनिश बोलताना शब्दांना समुद्राचं पाणी लागल्यासारखं वाटतं. माझा मसुदा टाइप करायला दिला होता. तो दोन बोटांत धरून आली.

"प्रोफेसरबाई, हे तुम्ही लिहिलंय की मुंगी शाईत पडून कागदावरून घरी गेलीय?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा."

"माझा नंबर परवाच तपासलाय. पहिली ओळ वाचता येते. शेवटच्या ओळीला भिंग लागतं."

नवीन पेन आहे, टोक बारीक आहे, म्हणून असं होतं. मी वाचून दाखवलं, तिनं टाइप केलं. मसुदा क्योटोच्या परिषदेसाठी आहे, ऑगस्टमध्ये. हेलियमचा अगदी पातळ थर भिंतीवरून घर्षण न होता वाहतो का, आणि किती पातळ होईपर्यंत वाहतो, हा आमचा प्रश्न. विचारायला सोपा. अमेरिकेत एक गट आणि इंग्लंडमध्ये एक गट याच्याच मागे आहे. आमच्याकडे माणसं कमी, पैसा कमी, पण म्हातारी त्यांच्या यंत्रांपेक्षा गार जाते. फक्त गळता कामा नये.

बसवत नाही. चालत नदीपर्यंत गेले, परत आले, परत गेले.

६ डिसेंबर, शनिवार

स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. मी लावायला गेले तर काड्या मोडत होत्या. आजकाल काडेपेट्यासुद्धा धड बनवत नाहीत. शेवटी ताइस्तोनं लावल्या.

संध्याकाळी कबरस्तानापर्यंत फिरून आलो. वाटेत म्हणतो, "तुझा उजवा हात चालताना हलत नाही. बादली धरल्यासारखी चालतेस."

"विचार करत होते."

"हातानं?"

तीस वर्षं झाली, या माणसाची जीभ काही सरळ झाली नाही. आमची ओळखच अशी झाली. पंचावन्न सालची गोष्ट. विद्यापीठानं मला तळघरातली एक खोली दिली होती आणि वर सांगितलं होतं, "पैसे मागू नका, बाकी काहीही मागा." मी गोदीत जाऊन मोडीतला पंप मागितला. गोदीतला हा इंजिनिअर पंप घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, याच्यात जहाजाचं पाणी उपसतात. तुम्ही काय उपसणार?" मी म्हटलं, "हवा. सगळी." तो शनिवारी बघायला आला, पुढच्या शनिवारी नळ्यांचे सांधे डाग देऊन जोडायला आला, मग यायचा थांबलाच नाही. आमच्याकडे पहिल्यांदा हेलियम द्रव झालं तेव्हा काचेच्या फटीतून पाहणारे आम्ही दोघंच होतो. दिसत काहीच नव्हतं. पाण्याहून पारदर्शक. फक्त एक रेघ, थरथरणारी.

नंतर डॉक्टरेट, मग डोसेंट, मग प्राध्यापकपदासाठी दोनदा अर्ज. पहिल्यांदा परीक्षकांपैकी एकानं लिहिलं होतं, 'अर्जदाराचे हात उत्तम आहेत.' मी चिडले होते. डोक्याबद्दल का नाही लिहिलं? आता वाटतं, त्याला कळत होतं. आमच्या धंद्यात हात आधी.

११ जानेवारी १९८७, रविवार

बाहेर उणे तीस. गाडी सुरू होत नाही, समुद्र कडेपर्यंत गोठलाय. प्रयोगशाळेत पोरं विनोद करतात की आज म्हातारीला घराबाहेर ठेवा, हेलियमचा खर्च वाचेल.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या दारातच पडले. सगळेच पडतायत. माझा उजवा पाय जरा ओढल्यासारखा होतो, ते जड बुटांमुळे. इल्पो धावत आला, उठवलं आणि म्हणाला, "तुम्ही जरा बसता का?"

तुम्ही!

त्याच्या डॉक्टरेटच्या मेजवानीत मीच ग्लास वर करून त्याला म्हटलं होतं, आजपासून तू मला तू म्हण. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून तो मला तू म्हणतो. आणि आता उंबऱ्यात, सगळ्यांसमोर, तुम्ही. माणूस दूर जायला लागला की आधी तोंडातून जातो. त्याच्या मनात काहीतरी शिजतंय.

२ फेब्रुवारी, सोमवार

गळती नाही!

आठवड्यापूर्वीच्या शनिवारी झाकण मीच लावलं, नेहमीसारखं. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे, मनगटाला कळतं तेवढे. पाना दोनदा निसटला. पान्यांचा दर्जाही उतरलाय. पण शेवटी बसलं. पोरांना नेहमी सांगते, हे पुस्तकात नसतं. दुसऱ्या कुणालाही मी ते लावू देत नाही.

इल्पोला म्हटलं, "बघितलंस? तार बदलायची गरज नव्हती. हात हवा."

"हो," म्हणाला. डोळे लाल, चेहरा ओढलेला. गुनवोर म्हणाली, त्याची गाडी त्या रविवारी आवारात उभी होती. विचारलं तर म्हणतो, हातमोजे विसरलो होतो. हातमोज्यांसाठी रविवार घालवतो का कुणी? मुलं-बायको सोडून इथे येतो, म्हणजे घरी काही बिनसलं असणार. विचारायला हवं. पण आता नाही. आता म्हातारी गार आहे.

१३ फेब्रुवारी

वाहतंय.

कागदाच्या पट्टीवर यंत्राचं पेन चढत गेलं आणि वर टेकून राहिलं. थर भिंतीवरून जातोय, काहीही अडवत नाही त्याला. मग आम्ही थर पातळ करत गेलो, आणखी पातळ, आणि एका जाडीला पेन एकदम खाली आलं. थांबला! त्याहून पातळ असेल तर वाहत नाही. ही सीमा आजवर कुणी पाहिलेली नाही.

मी पोरांना मिठ्या मारल्या. इल्पोही हसला, कितीतरी महिन्यांनी. "अजून एकदा करायला हवं," म्हणाला. अर्थात करायला हवं. उघडून, डबीची भिंत पुन्हा घासून, झाकण पुन्हा लावून. मी करेन.

ताइस्तोनं केक आणला. कशालाच चव नव्हती, कॉफीलाही नाही. आनंदानं तोंड मेलं असेल.

१९ मार्च, गुरुवार

वाटाण्याचं सूप तसंच राहिलं. कँटीनमध्ये सगळे उभे राहून बोलत होते. न्यूयॉर्कहून बातमी आहे, हॉटेलातल्या एका सभागृहात हजारो भौतिकशास्त्रज्ञ पहाटेपर्यंत कोंबून बसले होते. मातीच्या भांड्यासारखा एक काळा तुकडा, साध्या भट्टीत भाजलेला, स्वस्त द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला की विजेला अजिबात विरोध करत नाही. हेलियम नको. म्हातारी नको. बेकरीवाल्याकडची भट्टी पुरे.

माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "आता सगळं जुनं झालं." आणि मग मला बघून, "म्हणजे, तसं नाही."

इल्पो दुपारी आला. "मला एक भट्टी हवीय."

"कशाला? पाव भाजायला?"

"साइमी, तुम्हाला माहितीये कशाला. फक्त संध्याकाळी काम करेन. म्हातारीचं काम सोडणार नाही."

मी म्हटलं, बघू. मला बसवेना. खोलीत येरझाऱ्या घातल्या. वळताना पाय अडखळतात, गालिचा बदलायला सांगितला आहे. एकसष्ट पूर्ण होतील उन्हाळ्यात. निवृत्तीपर्यंतची वर्षं मी मोजलेली आहेत, आणि त्यांत काय काय करायचं तेही. त्यात भट्टी नाही.

२६ मार्च

डीनच्या दारावर टकटक करणार तेवढ्यात आतून आवाज. डीन: "पण म्हातारीला अजून किती दिवस ओढायचं?" आणि इल्पोचा आवाज, हळू, काय ते कळलं नाही.

मी परत फिरले. आधी वाटलं, यंत्राबद्दल असेल. जिना उतरेपर्यंत कळलं, नाही, माझ्याबद्दल.

चार वाजता इल्पोला बोलावलं. दार लावून घेतलं.

"माझी खुर्ची हवीय ना तुला? सरळ माग."

तो पांढराफटक पडला. "असं कोण म्हणालं?"

"मी बहिरी नाही. भट्टी, डीन, रविवारी चोरून येणं. मोजमाप माझं घ्यायचं आणि बोलायला तू जायचंस क्योटोला!"

"तुम्ही थकलाय."

"तुम्ही-तुम्ही करू नकोस! मी तुला हात धरून डाग द्यायला शिकवलं. तुझ्या बोटांना धातू म्हणजे काय ते माहीत नव्हतं."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "मला माहितीये कुणी शिकवलं." आणि गेला. गुनवोर सांगत होती, शेजारच्या इमारतीत रसायनवाल्यांनी त्याला भट्टी दिली. उत्तम. भाज म्हणावं पाव.

४ एप्रिल

गळली.

१३ एप्रिल

गळली. यावेळी नवीन तार होती.

आता हेलियमही संपत आलंय. पोरांनी विचारलं, इल्पोला बोलवायचं का? मी म्हटलं, कशाला? पोरं एकमेकांकडे बघतात. खोलीत गेले की बोलणं थांबतं. सगळ्या प्रयोगशाळेत काहीतरी आहे, आणि ते सगळ्यांना माहीत आहे, मला सोडून. असं वाटणं हे वेडाचं लक्षण असतं म्हणे. ताइस्तो तिसऱ्यांदा म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, ईस्टरनंतर. झोप लागत नाही, पाय पलंगात स्वस्थ राहत नाहीत, इतकंच. ताण आहे, दुसरं काय.

२२ एप्रिल, बुधवार

आज डबी पडली.

हातात होती. धरलेली होती. मग जमिनीवर होती. आतली चकचकीत पट्टी, जिच्यावरून थर वाहतो, दुभंगली. फेब्रुवारीचा सगळा निकाल ज्या पट्टीवर होता ती. पोरं जागच्या जागी थिजली. कुणी 'अरेरे'सुद्धा म्हणालं नाही. तेच मला लागलं. कुणालाही आश्चर्य वाटलं नव्हतं.

कोट न घालता शेजारच्या इमारतीत गेले. इल्पो भट्टीसमोर स्टुलावर बसला होता. मला बघून उठला.

मी विचारलं, "फेब्रुवारीतलं झाकण कुणी लावलं?"

त्यानं हातातला चिमटा बाजूला ठेवला.

"इल्पो, मी एकदाच विचारतेय."

"मी."

"रविवारी."

"हो. तुझं काढलं, साफ केलं, पुन्हा लावलं."

"आणि त्याआधीचं?"

"पंच्याऐंशीच्या शरदापासून, सगळी. नोव्हेंबरात मी सासऱ्यांच्या दफनाला कुओपिओला गेलो होतो, म्हणून ते राहिलं. ते गळलं."

भट्टीचा पंखा घरघरत होता. मी म्हटलं, "दीड वर्ष?"

"तुझे हात..." म्हणाला आणि थांबला. मग त्यानं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, म्हणून मीही पाहिलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गोळी वळल्यासारखी. मी वळत नव्हते. थांब म्हटलं. थांबली नाहीत.

"सांगितलं का नाहीस?"

"रोज सकाळी ठरवून यायचो. तू एप्रन चढवून, पाना हातात घेऊन उभी असायचीस. मला जमलं नाही. तुझ्याशी खोटं बोलताना तोंडातून तू निघेना. तुम्ही म्हटलं की जरा सोपं जायचं."

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. चोर म्हटलं, हे लिहिते. त्यानं ऐकून घेतलं. मग त्याचा स्वतःचा कोट माझ्या खांद्यावर टाकला, आणि मी तो तसाच घालून घरी आले.

ताइस्तोला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"इल्पोनं मला गेल्या वर्षी फोन केला होता. मी तुला डॉक्टर म्हटलं, तू म्हणालीस इंडियम कडक आहे. मी म्हटलं हात हलत नाही, तू म्हणालीस विचार करतेय. अगं, मी गोदीत माणसं हाकली, पण तुला कसं हाकायचं?" आणि हा एवढा मोठा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. मला रडू आलं नाही. राग इतका होता की भांडी घासत बसले. एक फुटलं.

७ मे

डॉक्टर तरुण आहे, माझ्या शेवटच्या विद्यार्थ्याएवढा. अंगठ्यावर बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, वळायला लावलं. मग एक कागद दिला आणि म्हणाला, काहीही लिहा, चार-पाच ओळी. मी म्हातारीचं वर्णन लिहिलं. त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. पहिला शब्द माझा होता. शेवटचा, गुनवोर म्हणाली होती तसा, मुंगीचा.

कंपवात. पार्किन्सन.

"वास येणं कधीपासून कमी झालं?"

कॉफी. मासे. मी सांगितलं, "नक्की आठवत नाही," आणि मला लाज वाटली. मी आयुष्यभर मोजमाप केलं, आणि स्वतःच्या अंगावर इतकी निरीक्षणं पडली होती ती कधी एका ठिकाणी मांडली नाहीत. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असता तर नापास केलं असतं.

"किती वर्षं काम करता येईल?"

"सांगता येत नाही."

"अंदाज?"

"बाई, पुरेशी माहिती नसताना मी अंदाज देत नाही."

मला तो आवडला. गोळ्या दिल्या आहेत. म्हणाला, सुरुवातीला बराच फरक पडेल. 'सुरुवातीला' हा शब्द त्यानं इतर शब्दांसारखाच उच्चारला, पण मी पकडला.

१२ मे

कॉफीच्या वेळी सगळ्यांना एकत्र बोलावलं. वाक्य घरी पाठ केलं होतं. "मला पार्किन्सन आहे. झाकणं यापुढे इल्पो लावेल. खरं तर तोच लावत होता."

मग गुनवोरनं कॉफी ओतली आणि कप माझ्यापुढे ठेवला. अर्धा.

"अर्धाच का?"

"गेल्या वर्षापासून अर्धाच देतेय. भरला की सांडता, आणि मग कपाला शिव्या देता."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, मीसुद्धा. खोलीत कितीतरी दिवसांनी हवा आल्यासारखं झालं. पण आत एक कोपरा जळतच होता. मी एकटी लढत होते असं मला वाटत होतं, आणि हे सगळे मला अर्धा कप देत होते.

नंतर डीनकडे गेले. प्रयोगशाळेचं प्रमुखपद शरदापासून इल्पोला द्या म्हटलं. डीननं चष्मा काढला. "मार्चमध्ये मी त्याला तेच विचारलं होतं. म्हातारीला अजून किती ओढायचं, आता तू सूत्रं घे. म्हणाला, साइमीला हवं तितके दिवस ओढायचं, आणि ती असेपर्यंत मला काही नको. तांपेरेहून त्याला चांगली जागा आली होती. तीही नाकारून बसलाय मूर्ख."

मी त्या दारामागे हळू आवाज ऐकला होता. शब्द तेवढे ऐकले नव्हते.

इल्पोला जाऊन सांगितलं, "त्या दिवशी मी तुला चोर म्हणाले."

"हो."

"मागे घेते."

"बरं," म्हणाला. आमच्याकडे इतकंच पुरतं. मग मी म्हटलं, मागची अडगळीची खोली रिकामी करायला सांगितली आहे, तुझी भट्टी तिथे आण. म्हातारीच्या शेजारी. त्याला जरा वेळ लागला कळायला, आणि मग तो अडगळ उचलायलाच गेला.

२८ मे

नवी पट्टी आली. इल्पोनं ती घासली, माझ्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत. त्याचा धीर दांडगा आहे. मग माझ्यासमोर झाकण लावलं. मी स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

तो मी शिकवलं तसं लावतच नाही! समोरासमोर नाही, कडेकडेनं गोल फिरतो, पुन्हा पुन्हा, जेमतेम हलवत. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ओरडायची राहिले ती कशानं राहिले मला माहीत नाही. त्यानं वर पाहिलं. "काही म्हणायचंय?"

"नाही."

"चेहऱ्यावर तर सगळं लिहिलंय."

"मग वाच आणि काम कर."

८ जून

गळती नाही. वाहतंय. थर पातळ केला, पुन्हा एका जाडीला थांबला. म्हणजे फेब्रुवारीचं खरं होतं. काट्याजवळ मी नव्हते. आकडे इल्पो ओरडत होता आणि मी मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहीत होते. डॉक्टरनं सांगितलंय, मुद्दाम मोठं लिहा. इतकं मोठं की पोरं म्हणाली, आता गोदीतूनसुद्धा दिसतंय.

फक्त थांबायची जाडी यावेळी वेगळी आली. कमी.

२० जून, शनिवार. बेटावर

मध्य-उन्हाळ्याचा सण. ताइस्तोनं किनाऱ्यावर होळी रचलीय, गुनवोर आपल्या बेटावरून बोटीनं बटाटे आणि बडीशेप घेऊन आली, इल्पो बायकामुलांसह. गोळ्या चालतायत. दुपारी मी स्वतः बटाटे सोलले, हळू, पण सोलले. संध्याकाळी पुन्हा हात जड झाला.

सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून इल्पोशी क्योटोच्या भाषणाबद्दल बोलत होते. मी म्हटलं, ही सीमा निसर्गाचा नियम आहे. अमुक जाडीखाली हेलियमला वाहताच येत नाही, हेच ठामपणे सांग.

तो म्हणाला, "नाही. चूक आहे ते."

"काय?"

"साफ चूक, साइमी. भिंत खडबडीत आहे, म्हणून थांबतो. तू नियम नियम करतेस तो आपल्या पट्टीवरचा ओरखडा आहे."

"ओरखडा? दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा! तू आकडे बघ ना नीट! मी जाऊन दोनशे लोकांसमोर नियम म्हणून सांगू आणि इंग्लंडवाले काचेसारखी पट्टी घेऊन आले तर? तोंड दाखवायला जागा राहील का?"

त्याचा आवाज चढला होता. त्याची बायको सौनाच्या दारातून म्हणाली, "इल्पो, जरा हळू." मी म्हटलं, "बोलू दे त्याला!" आणि मीही चढले. तू भित्रा आहेस, तुला प्रत्येक शोधात आधी घाण दिसते, असं म्हणाले. तो म्हणाला, "तुला आधी नोबेल दिसतं." ताइस्तो सॉसेजची थाळी घेऊन आला, दोघांकडे बघितलं, थाळी मध्ये ठेवून निघून गेला. आम्ही वाळूवर काठीनं आलेख काढले, पुसले, पुन्हा काढले. त्यानं माझ्या हातातली काठी ओढून घेतली. खरंच ओढली. हात थरथरतो वगैरे काही मनात न आणता.

आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की दीड वर्षात मला कुणीही चूक म्हटलेलं नव्हतं. मी म्हणेन ते सगळे हो म्हणत होते, आणि मला वाटत होतं, मी बरोबर आहे.

आता सगळे होळीकडे गेलेत. उजेड आहे, इथे लिहिता येतंय. मी एकटीनं आकडे पुन्हा मांडून पाहिले. जूनची पट्टी फेब्रुवारीच्यापेक्षा गुळगुळीत होती आणि थर जास्त पातळ होईपर्यंत वाहिला. नियम असता तर घासून हलला नसता.

इल्पो बरोबर आहे.

उद्या नाश्त्याला सांगेन. आज नाही. आज तो तिकडे होळीपाशी ताइस्तोला हातवारे करून माझी चूक समजावून सांगतोय, ते इथून दिसतंय, आणि ते मला अजून जरा वेळ बघायचंय.